आठ सोंगांची बिल्ली

माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा पोरगा, सोनेरी केसांची गोरी मेम. ही सगळी सोंगं एकाच बाईची! 1927 साली इंपीरियल फिल्म कंपनीच्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या मूकपटात सुलोचनाने अशा आठ भूमिका केल्या. दिग्दर्शक होते मोहन भवनानी. आज हा चित्रपट हरवलेल्यांच्या यादीत आहे.

सुलोचना म्हणजे पुण्यात बगदादी ज्यू कुटुंबात जन्मलेली रूबी मायर्स. आधी टेलिफोन ऑपरेटर, मग मूकपटांची सर्वांत लोकप्रिय नायिका.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला सोंगाची मजा सांगावी लागत नाही. ऊर्जानगरपासून गडचिरोलीपर्यंत ज्यांनी दंडार हे इथलं लोकनाट्य पाहिलं आहे, त्यांना लुगडं नेसलेल्या पुरुषाची चाल आणि मान वेळावणं आठवत असेल. सुलोचनाचं सोंग उलट्या बाजूचं होतं : बाई पोलीस झाली. पण दंडार पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते. मूकपटातली चाल फक्त रिळावर असते आणि रीळ गेलं की तीही जाते.

रिळं गेली कशी? त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती लवकर पेट घेते, उष्णतेने आणि दमटपणाने आपोआप कुजते. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत ठेवलेल्या डब्याचं काय होईल, याचा अंदाज इथल्या कुणालाही येईल.

त्यात 1931 मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. अनेक रिळं त्यांतली चांदी काढण्यासाठी गाळली गेली. भारतात तयार झालेल्या सुमारे 1,300 मूकपटांपैकी जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत, वाचले. ‘वाइल्डकॅट’ 1936 मध्ये ‘बंबई की बिल्ली’ हा बोलपट होऊन परतली, नायिका पुन्हा सुलोचनाच. मूळ मुकी बिल्ली मात्र परतली नाही.

तरी शोध सोडू नये. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ या 1927 च्याच विनोदी मूकपटाचं दुसरं रीळ, क्रीम-पाय (pie) फेकण्याच्या प्रचंड मारामारीचं, कित्येक दशकांनी 2015 मध्ये एका खासगी संग्रहात सापडलं. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग आपल्याला दिसतात, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे.

जुन्या टॉकीजच्या माळ्यावर, वाड्याच्या अडगळीत गंजलेला गोल पत्र्याचा डबा दिसला, तर तो भंगारात देऊ नका. विस्तवाजवळ किंवा उन्हात उघडू नका. सावलीत ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.