मनगटावरील जमाखर्च

पर्वतीच्या पायऱ्या चढून वर आलेला गृहस्थ हल्ली धापा टाकीत प्रथम दर्शन घेतो ते देवाचे नव्हे, मनगटावरील पट्ट्याचे! ‘आज इतके उष्मांक जळले’ असे त्याला तेथे दिसते, आणि खाली उतरल्यावर त्या शिलकीवर एखादा वडापाव खाण्यास त्याची हरकत नसते. प्रश्न एवढाच की, ही शिलक खरी किती?

शरीर दिवसाकाठी जेवढे उष्मांक खर्च करते त्याहून कमी अन्नातून मिळाले, की उरलेली भरपाई मुख्यतः साठविलेल्या चरबीतून होते. या फरकाला उष्मांकांची तूट म्हणतात. घरखर्चात तूट आली की आपण कपाळाला हात लावतो. वजन उतरवू पाहणाऱ्याला मात्र ती हवी असते. एक किलो चरबीचे मोल सुमारे ७७०० उष्मांक धरतात. म्हणजे रोज ५०० ची तूट पडली, तर पंधरा-सोळा दिवसांत एक किलो. इथवरचे अंकगणित सोपे आहे.

अडचण आहे ती खर्चाच्या बाजूला. माणसाचा खर्च खरोखर मोजावयाचा, तर त्याला बंद कोठडीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता आणि त्याचा श्वासोच्छ्वास मोजावा लागतो. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात ॲटवॉटर आणि रोझा यांनी १८९० नंतरच्या दशकात अशी कोठडी बांधली होती. तीत माणूस काही दिवस राहून जेवत असे, झोपत असे आणि जागच्या जागी सायकलही चालवीत असे.

मनगटावरच्या पट्ट्यात एवढा खटाटोप मावणार कोठून? त्यात हालचाल टिपणारा एक इवलासा घटक असतो, आणि कातडीवर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजणारा दुसरा. आपले वय, उंची व वजन यांत मिळवून तो सूत्राने खर्चाचा अदमास बांधतो. नाडी तो मोजतो. उष्मांक मोजीत नाही. नाडी तर चढावाने वाढते तशी उकाड्याने, काळजीने आणि कडक चहानेही वाढते. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अशी सात यंत्रे ६० माणसांवर तपासली. सहा यंत्रांनी नाडी ५ टक्क्यांच्या फरकाने सांगितली. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के, आणि सर्वांत वाईटाची ९३! त्यानंतर यंत्रे बदलली, पण रीत अदमासाचीच आहे. शिवाय परदेशी मोजणीवर बसविलेली सूत्रे भारतीयांचा विश्रांतीतील खर्च फुगवून दाखवतात. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी १९८९ साली तो सुमारे ५ टक्के कमी धरला.

आणखी एक मेख आहे. ७० किलोचा माणूस तासभर सपाटीवर चालला, तर एकूण खर्च साधारण २१० उष्मांक. त्यांतले ७० तो घरी आरामखुर्चीत बसला असता तरी खर्च झालेच असते! चालण्याची खरी कमाई १४०. वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात.

जमेची बाजू यंत्र मोजीतच नाही, ती आपण लिहितो. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या दहा जणांची तपासणी झाली. त्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी नोंदले होते, आणि श्रम ५१ टक्के जास्त. ती माणसे लबाड होती असे समजू नये. फोडणीतला मोठा चमचाभर तेलाचा १२० उष्मांकांचा आकडा कोण ध्यानात ठेवतो?

मग पट्टा फेकून द्यावा काय? मुळीच नाही. पुष्कळ घरांतले भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असते, आणि ते ठाऊक असल्याने कोणाची गाडी चुकत नाही. पट्ट्याची चूकही आपल्यापुरती शोधून काढता येते, आणि ते काम साधा वजनकाटा करतो. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाचा आकडा मनाला लावून घेऊ नये. आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडाने अंगात पाणी साठते. पहिला आठवडा सोडून द्यावा, कारण तेव्हा बरेचसे पाणीच उतरते. दुसऱ्या आणि पाचव्या आठवड्यांच्या सरासरींत २१ दिवसांचे अंतर असते. त्यांत समजा ०.६ किलोचा फरक पडला. म्हणजे ४६२० उष्मांक, रोजचे २२०. पट्टा आणि वही मिळून ५०० ची तूट सांगत असतील, तर २८० चा घोटाळा आहे. तो यंत्राचा की तेलाच्या चमच्याचा, हे शोधण्याचे कारण नाही. पट्ट्याच्या आकड्यातून रोज २८० वजा धरून चालावे. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही घटतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी हा ताळा पुन्हा करावा.

काटा पट्ट्यापेक्षा मोठी तूट दाखवीत असेल, तर खाणे वाढवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवण कमी करण्याआधीच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. जेवण घटले आणि मात्रा तीच राहिली, तर साखर एकाएकी घसरून माणूस बेशुद्धही पडू शकतो.