इंग्लिश शब्द कानानं नको, डोळ्यानं शोधा

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप.

सुरुवात एका मेसेजपासून करू. एका श्रोत्यानं कळवलंय, "माझं शिक्षण मराठी मीडियममधलं. ऑफिसच्या ग्रुपवर सगळे रोज सकाळी वर्डलचा स्कोअर टाकतात. मी खेळतो, पण टाकत नाही. इंग्लिश कच्चं आहे ना."

मित्रा, हरण्याचं कारण बहुतेक वेळा ते नसतंच. जॉश वॉर्डल यांनी हा गेम त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला आणि २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. इंग्लिशमध्ये पाच अक्षरी शब्द साधारण बारा हजार. पलक यांनी त्यातले ओळखीचे तेवढे निवडले आणि यादी अडीच हजारांच्या आसपास आणली. म्हणजे उत्तर बहुधा तुम्ही कधी ना कधी वाचलेलाच शब्द असतो. मग तो आठवत का नाही?

कारण आपण तो कानानं शोधतो. मराठीत जसं बोलतो, जवळपास तसंच लिहितो. इंग्लिशमध्ये तसं नाही. 'नाइट' म्हटलं की जी आणि एच ऐकूच येत नाहीत. 'लाफ' मधला 'फ' जी-एचनं लिहितात, 'फोन' मधला पी-एचनं. 'नाइफ' सुरू होतो के पासून. त्यामुळे शब्द माहीत असूनही सापडत नाही. तो डोळ्यानं, म्हणजे स्पेलिंगच्या आकारावरून शोधावा लागतो. कसा, ते आता बघू.

पहिली गोष्ट: आधी नेहमी लागणारी अक्षरं तपासून घ्या. वर्डलच्या मूळ उत्तरांमध्ये सगळ्यात जास्त येणारी दहा अक्षरं आहेत ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन आणि सी. पहिला शब्द 'क्रेन' टाका, सी-आर-ए-एन-ई. दुसरा 'टॉइल्स', टी-ओ-आय-एल-एस. दोनच चान्समध्ये दहाही अक्षरं तपासून झाली!

दुसरी गोष्ट: पिवळं अक्षर आलं की त्याचा जोडीदार शोधा. एच सहसा एकटा फिरत नाही. त्याच्या आधी सी, एस, टी, डब्ल्यू, पी किंवा जी लावून बघा. के असेल तर शेवटी सी-के बघा किंवा सुरुवातीला के-एन. डब्ल्यू आणि आर दोन्ही निघाले, तर सुरुवातीला डब्ल्यू-आर बसतंय का बघा. 'राँग' आणि 'राइट' म्हणजे लिहिणे, हे दोन्ही तसेच आहेत. वाय आला तर आधी शेवटच्या घरात बसवा. क्यूच्या मागे यू येणार हे जवळजवळ ठरलेलंच.

तिसरी गोष्ट: कागद घ्या. पाच रेघा मारा. हिरवी अक्षरं जागेवर लिहा आणि पिवळं अक्षर प्रत्येक मोकळ्या घरात ठेवून बघा. डोक्यात हे करताना आपण पुन्हा उच्चाराकडे वळतो. कागदावर डोळेच काम करतात.

आता तो नेहमीचा सापळा. तिसऱ्या चान्सला तुम्ही 'लाइट' टाकला, एल-आय-जी-एच-टी. शेवटची चार अक्षरं हिरवी, फक्त एल चुकला. आता उरले एट, फाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट. सात शब्द, चान्स तीन. एकेक करून टाकत गेलात, तर सगळा नशिबाचा खेळ.

त्याऐवजी चौथ्या चान्सला मुद्दाम 'फिल्म्स' टाका. हे उत्तर नाही, माहीत आहे. पण त्यात एफ, एम आणि एस आहेत. त्यातलं एक जरी लागलं, तरी शब्द सापडला. एकही नाही लागलं, तर राहिले चार: एट, नाइट, राइट, टाइट. आता 'एंटर' टाका, ई-एन-टी-ई-आर. ई लागला तर एट, एन लागला तर नाइट, आर लागला तर राइट, तिन्ही नाही लागले तर टाइट. सहाव्या चान्सला उत्तर पक्कं. एकही नवीन शब्द शिकावा लागला नाही, बरं का! फक्त हार्ड मोड बंद हवा, कारण त्यात हिरवी अक्षरं सोडता येत नाहीत.

स्क्रॅबल खेळणाऱ्यांसाठीही एक. तिथे क्यूचे दहा पॉइंट, पण यू हातात नसेल तर लोक अडकतात. आपल्याला दोन शब्द घरचेच आहेत: 'फकीर', एफ-ए-क्यू-आय-आर, आणि 'तलाक', टी-ए-एल-ए-क्यू. दोन्ही चालतात.

आणि वर्ड फाइंडर वापरायचा का? जरूर, पण गेम संपल्यावर. आज अडकलेली अक्षरं त्यात टाका, कुठले ओळखीचे शब्द सुटले ते बघा आणि त्यातले पाच वहीत लिहा. गेम चालू असताना वापरलात तर उत्तर मिळेल, पण नजर तयार होणार नाही.

अजून पटत नसेल तर हे ऐका. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं! त्यांनी शब्दांची स्पेलिंग पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशचं जेतेपदही त्यांनी तसंच जिंकलं.

तेव्हा मित्रा, हा गेम म्हणजे इंग्लिशची परीक्षा नाही. अक्षरांच्या जोड्या ओळखायची सवय आहे, आणि ती कुठल्याही मीडियमवाल्याला लावता येते. उद्या सकाळी सहापैकी सहा चान्स लागले तरी चालतील. स्कोअर मात्र ग्रुपवर टाक.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!