चामड्याचा भाता: हिरडा, आरी आणि रून अक्षरे

चांगला भाता दोन कसोट्यांवर ओळखावा. चालताना आतले बाण एकमेकांवर आपटून खडखडू नयेत, आणि नजर लक्ष्यावरून न हलवता हाताला बाण सापडावा. म्हणूनच तो वापरणाऱ्याच्या अंगाला आणि बाणांना माप लावून शिवावा लागतो. पारंपरिक धनुष्य वापरणारे युरोप-अमेरिकेतले हौशी धनुर्धर असे भाते आजही कारागिराकडून करवून घेतात. त्यांवर व्हायकिंगांची रून अक्षरे कोरून घेण्याचीही अनेकांना हौस असते. हे काम परमुलखातले वाटते खरे, पण त्याला लागणारा माल आणि हातचे कसब अहिल्यानगर जिल्ह्याला परके नाहीत.

सुरुवात कातड्यापासून. कोरीव कामाला झाडपाल्याने कमावलेलेच चामडे लागते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे काही दिवसांत तयार होते आणि मऊही असते, पण त्यावर उठवलेला ठसा नीट टिकत नाही. झाडांच्या साली-फळांतले टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते. असे चामडे ओले केले की हवा तो आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही.

हे टॅनिन आपल्याकडे हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत भरपूर आहे. अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करून विकतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू रानात बाभूळ कुठेही दिसते. कमावण्याची जुनी रीत अशी: कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मांसाचा थर खरवडायचा, मग कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि आत साल-हिरड्याचा काढा भरायचा. काढा कातड्यातून झिरपत खाली येतो, तो पुन्हा वर ओतायचा. याला कित्येक आठवडे लागतात. पूर्वी ढोर समाजाने कातडे कमवावे आणि चर्मकारांनी ते शिवावे, अशी गावगाड्याची वाटणी होती. मोट, पखाल, वाद्या, वहाणा हे सारे या हातांनी दिले. गावाचे पाणी आणि शेती त्यांच्या कामावर चालत असताना गावाने त्यांना मात्र वेशीबाहेर ठेवले, हेही त्या कलेच्या इतिहासात लिहिलेच पाहिजे.

भात्यासाठी साधारण 3 मिलिमीटर जाडीचे चामडे पुरते. राज्यात गाईंबरोबरच 2015 पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने म्हशीचे कातडे हाच मोठा आधार आहे. प्रथम मापे घ्यायची: बाणाची लांबी, एका वेळी किती बाण न्यायचे, भाता पाठीवर हवा की कमरेला, धनुर्धर उजवा की डावखुरा. बाण 75 सेंटीमीटरचा असेल तर भाता 55 ते 60 सेंटीमीटर खोल ठेवतात, म्हणजे पिसे बाहेर राहतात आणि चुरगळत नाहीत. पाठीवरचा भाता तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता असतो. तळाला जाड चामड्याचा दुहेरी तुकडा आणि आत लोकरीचा थर घालतात. त्यामुळे टोके तळ फाडत नाहीत आणि आवाजही होत नाही.

कोरीव काम शिवणीच्या आधी करायचे. चामडे ओलसर करून मुरू द्यायचे, नक्षी उमटवायची आणि फिरत्या पात्याच्या सुरीने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चीर द्यायची. मग हत्याराने चिरेची एक कड दाबत गेले की अक्षर उठून दिसते. येथे चूक खोडता येत नाही. रंग आणि तेल दिल्यावर आरीने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घालतात. दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. यंत्राच्या शिवणीला ही ताकद नाही.

आता रून. ही अक्षरे सरळ, तिरक्या रेघांची आहेत, कारण ती लाकडावर आणि दगडावर कोरण्यासाठी घडली. म्हणून सुरीला ती सोयीची जातात. जुन्या रूनमालेत 24 अक्षरे होती. आठव्या शतकाच्या सुमारास ती घटून 16 झाली, आणि व्हायकिंग काळाची खरी माला ही 16 अक्षरांचीच. तरीही व्हायकिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर बहुधा 24 ची जुनी मालाच दिसते. आपल्या मोबाइलवरचे ब्लूटूथचे चिन्हही दोन रून अक्षरे जोडून झालेले आहे. ती दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. काही रून मात्र नाझींनी उचलले. एसएस दलाचे चिन्ह दोन रूनांचेच होते. परदेशी गिऱ्हाइकासाठी काम करणाऱ्याला हे ठाऊक हवे. अर्थ न कळता अक्षर कोरू नये.

चामडे मातीत कुजते, त्यामुळे व्हायकिंगांचे भाते फारसे उरलेले नाहीत. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ मात्र कातडी भाता होता. त्यात 14 बाण होते, त्यांतले दोनच पूर्ण झालेले. त्या भात्याला ताठ ठेवायला काठीचा आधार शिवलेला होता. आजचा कारागीरही मऊ चामड्याला असाच आधार देतो.

दख्खनच्या इतिहासातही धनुष्यबाण आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मुघल बादशहा जहांगीरला इतके सतावले, की दरबारी चित्रकार अबुल हसनने 1616 च्या सुमारास बादशहा अंबरच्या शिरावर बाण सोडत असल्याचे चित्र काढले. ते आज डब्लिनमध्ये आहे. प्रत्यक्षात अंबर मुघलांच्या हाती कधी पडला नाही. तो 1626 साली वृद्धापकाळाने वारला. भात्यावर कोरायला आपल्याकडेही विषय आहेत: मोडीतली नावे, निजामशाही इमारतींवरची वेलबुट्टी, वारली रेषा.

साताऱ्यात सराव केलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जागतिक विजेते झाले. अनेक मुले आता धनुर्विद्येकडे वळतील. स्पर्धेसाठी हलका कापडी भाता त्यांना पुरेल, पण ज्याला आयुष्यभर टिकणारी वस्तू हवी त्याने चामड्याचाच करून घ्यावा. तो परदेशातून मागवण्याआधी जवळच्या चर्मकाराकडे माप द्यावे, नमुना दाखवावा, त्याला वेळ द्यावा. आणि दाम केवळ चामड्याचा नव्हे, त्याच्या तासांचा आणि कसबाचा मोजावा. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ 1974 पासून आहे. अशा मापावरच्या कामाचे प्रशिक्षण आणि बाहेरची बाजारपेठ कारागिरांपर्यंत नेणे त्याच्या कामात बसते. हे कसब जपायचे असेल, तर त्याला सन्मानाचे आणि पोट भरेल असे काम दिले पाहिजे.