घोड्याची खोड की घोड्याचे दुखणे?

घोडा खोडील निघाला, अडेल निघाला, ही तक्रार जितकी जुनी तितकाच तिच्यावरील उपायही जुना: लगाम आखडावा आणि चाबूक दाखवावा. इंग्लंडमधील पशुवैद्य डॉ. स्यू डायसन ह्यांनी मात्र घोड्याची बाजू ऐकून घेण्याचे ठरविले. न्यूमार्केट येथील, २०२० साली बंद पडलेल्या अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्ट ह्या संस्थेत त्यांनी अनेक वर्षे घोड्यांच्या लंगडण्याचा अभ्यास केला.

२०१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह, स्वार पाठीवर असताना पाहावयाच्या २४ लक्षणांची यादी प्रसिद्ध केली. कान पाच सेकंद वा अधिक काळ मागे पाडणे, डोळ्यांतील पांढरे वारंवार दिसणे, दात विलग करून तोंड उघडे ठेवणे, शेपूट झटकणे, ठेचाळणे, मागल्या पायांवर उभे राहणे अशी ती लक्षणे होत. त्यांपैकी एखाददुसरे धडधाकट घोड्यातही आढळते. आठ किंवा अधिक दिसली, तर हाडे, सांधे अथवा स्नायू दुखत असण्याचा संभव मोठा. दुखरा भाग इंजेक्शनाने बधिर करून घोडा पुन्हा चालविला, तेव्हा लक्षणांची संख्या तत्काळ घटली. खोड स्वभावातील असती, तर ती सुईने कशी जावी?

घोडा मूळचा शिकार होणारा प्राणी. लंगडणाऱ्यावर श्वापदाची नजर प्रथम जाते, म्हणून तो दुखणे झाकतो आणि मालक फसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मालकांनी निरोगी मानलेल्या ५०६ घोड्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची चाल सदोष आढळली!

तागडीपाशी आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास त्यांचा वजनाचा प्रयोग विशेष रुचला. घोडे सहा, स्वार चार, हलका, मध्यम, जड व अतिजड. जड व अतिजड स्वारांच्या साऱ्या फेऱ्या मध्येच थांबवाव्या लागल्या, बहुतेक घोडा लंगडू लागल्यामुळे. ते लंगडणे तात्पुरते होते, हे नशीब. अतिजड स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश होते. म्हणजे पाचशे किलोच्या घोड्यावर सव्वा क्विंटल! प्रयोग लहान होता, आणि खोगीर स्वाराच्या मापाचे नसणे हेही एक कारण असू शकते. तेव्हा एवढ्यावरून सर्वत्र लागू पडणारा नियम काढणे घाईचे होईल.

मोटारींस मज्जाव असलेल्या माथेरानास आपली कुटुंबे हौसेने घोड्यावर बसतात. तेथे भाड्याची घासाघीस मी पुष्कळ ऐकली, परंतु बसणाऱ्याचे वजन कोणी विचारल्याचे कधी ऐकले नाही. पुढल्या खेपेस ते आपणच सांगावे, आणि पाठीवर बसण्यापूर्वी घोडेवाल्यास त्यास चार पावले चालवून दाखविण्यास सांगावे. बसल्यावर त्याने कान पाडले, शेपूट झटकली, पाऊल अडखळले, तर भाडे चुकते करून उतरावे.