सेलूहून चिखलदऱ्याला

वैशाख महिना अर्धा सरला आहे. सेलूच्या शेतांतून कपाशीची पऱ्हाटी केव्हाच उपटून झाली आहे. उघडी पडलेली काळी जमीन तडकली असून तिच्या भेगांत हाताचा पंजा सहज जाईल. सकाळी दहा वाजले की रस्ते ओस पडू लागतात आणि दुपारी पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत वर्धा, नागपूर, अमरावती, अकोला या भागांतील माणसांना एका डोंगरावरच्या गावाची हटकून आठवण होते. ते गाव म्हणजे चिखलदरा.

नाव ऐकून चिखलाने भरलेली दरी डोळ्यांपुढे आली तर नवल नाही. परंतु लोक या नावाची निराळीच कथा सांगतात. अज्ञातवासात असताना द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकास भीमाने ठार मारले आणि त्याचे प्रेत येथील दरीत लोटून दिले. म्हणून ही कीचकाची दरी, कीचकदरा, आणि पुढे बोलता बोलता चिखलदरा. भीमाने नंतर ज्या डोहात अंग धुतले तो भीमकुंडही येथे दाखवितात, आणि जवळच्या सर्वांत उंच ठिकाणाला वैराट असे नाव आहे. विराट राजाचा मत्स्य देश अभ्यासक राजस्थानात मानतात, ही गोष्ट वेगळी. आपल्या डोंगरात भीम येऊन गेला असे वाटणे यातही एक आपलेपणा असतोच.

चला, सेलूहून निघू या. प्रवास दोनशे किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. वर्धा मागे टाकले की पुलगावजवळ आगगाडी वर्धा नदी ओलांडते. ही नदी मध्य प्रदेशात, मुलताईच्या परिसरात, सातपुड्यात उगम पावते. तापी नदीही मुलताईलाच उगम पावते. परंतु एक पूर्वेकडच्या समुद्राची वाट धरते आणि दुसरी पश्चिमेकडच्या. आपली वर्धा पुढे गोदावरीच्या पाण्यात मिसळून बंगालच्या उपसागरास मिळते. पुलगाव सोडून आपण धामणगाव, चांदूर करीत बडनेऱ्याकडे जातो, तेव्हा वाटेत लहान लहान टेकड्या लागतात. त्या टेकड्यांच्या अलीकडे पडलेला पाऊस वर्धेला जातो आणि पलीकडे पडलेला पूर्णा नदीला. पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. भारताच्या दोन समुद्रांची अशी ही वाटणी आपण डब्यात बसून, खिडकीतून बाहेर पाहता पाहता ओलांडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

अमरावतीहून परतवाड्यापर्यंत सपाट मैदान आहे. उत्तरेकडे मात्र एक निळी भिंत दिसू लागते. ती जवळ येता येता हिरवी, करडी होते आणि मग तिच्यातील एकावर एक रचलेले थर स्पष्ट दिसतात. हीच सातपुड्याची गाविलगड टेकड्यांची रांग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला, पसरला आणि थिजला. त्याच्या थरांनी हा काळा कातळ बनला. म्हणून येथील डोंगरांचे माथे टोकदार नसून पाटासारखे सपाट असतात आणि त्यांच्या कडा एकदम तुटलेल्या असतात. अशा सपाट माथ्यावरच चिखलदरा वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ११०० मीटर आहे. सेलूची उंची साधारण २५० मीटर. म्हणजे सेलूकर वाटसरू सुमारे साडेआठशे मीटर वर चढतो.

येथे एक प्रश्न स्वतःस विचारून पाहा. डोंगरावर गेलो म्हणजे आपण सूर्याच्या अधिक जवळ गेलो. मग तेथे अधिक तापायला हवे. गार का वाटते?

सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरात एक किलोमीटरदेखील न भरणारी चढण कोणाच्या खिजगणतीत असणार? खरे कारण निराळे आहे. सूर्यकिरण हवेतून येताना हवेला फारसे तापवीत नाहीत. ते जमिनीला तापवितात आणि तापलेली जमीन तिला चिकटून असलेल्या हवेला तापविते. ही तापलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे ती फुगते, पसरते. आणि पसरताना तिची उष्णता खर्च होऊन ती थंड होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक तापते हे तुम्ही अनुभवले असेल, कारण तेथे हवा दाबली जाते. उलट, भरलेल्या चाकाची हवा सोडून द्या. बाहेर पडणारी हवा बोटाला गार लागते. डोंगरावर निसर्ग हाच दुसरा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करीत असतो. साधारणपणे हजार मीटर वर गेल्यास तापमान साडेसहा अंशांनी उतरते. हवा अगदी कोरडी असली तर दहा अंशांच्या जवळपास.

हिशेब तुम्हीच करा. सेलूस ४५ अंश असतील, तर चिखलदऱ्यास सदतीस ते एकोणचाळीसच्या आसपास असतील. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी तेथेही ऊन लागतेच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काश्मीरची चित्रे डोळ्यांपुढे ठेवून जाणारा मुलगा आणखी एका कारणाने हिरमुसतो. मेळघाटचे अरण्य मुख्यतः सागाचे आहे, आणि साग उन्हाळ्यात पाने गाळतो. पाने असली की त्यांतून पाणी वाफ होऊन उडत राहते; पाण्याच्या टंचाईच्या दिवसांत झाड तो खर्चच बंद करून टाकते. त्यामुळे मे महिन्यात डोंगर उघडेबोडके, तांबूस दिसतात. परंतु सूर्य कलला की सारे पालटते. खाली मैदानात रात्री नऊ वाजताही भिंतींतून धग येत असते, तेव्हा येथे अंगावर चादर ओढावीशी वाटते. ज्यास मनाजोगे पाहावयाचे असेल त्याने श्रावणानंतर जावे. तेव्हा धुके दारातून घरात येते आणि प्रत्येक कड्यावरून एक ओहोळ खाली उडी घेत असतो.

पावसाचेही गणित उंचीशीच बांधलेले आहे. समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे या भिंतीला अडून वर चढतात, वर चढताना थंड होतात, आणि थंड हवेत बाष्प मावेनासे झाले की ते पाऊस होऊन कोसळते. वर्ध्यास वर्षाला सरासरी शंभर सेंटीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. चिखलदऱ्यास सुमारे दीडशे. या थंड, ओल्या हवेमुळेच येथे झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपे वाढतात. महाराष्ट्रात कॉफीचे पीक क्वचितच दृष्टीस पडते, म्हणून ते मुद्दाम पाहावे.

मात्र इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात चिखलदऱ्यास पाणी जपून वापरावे लागते. हे कोडे वाटेल. पण माथ्यावर उभे राहून कडेकडे पाहिले की ते उलगडते. मातीचा थर पातळ, खाली कठीण कातळ, आणि चारी बाजूंना तीव्र उतार. पाणी थांबणार कोठे? ते खांडू, खापरा, सिपना, गडगा या नद्यांतून तापीकडे धाव घेते आणि दक्षिणेच्या उतारावरून पूर्णेकडे. जेथे झाडांची मुळे आणि पाल्याचा थर शाबूत आहे, तेथे थोडे पाणी कातळाच्या फटींत मुरते. देवी पॉइंट येथे देवीचे ठाणे एका मोठ्या कातळाखाली आहे. त्या कातळातून ठिबकणारे पाणी असेच मुरून आलेले असते. शक्कर तलाव व काळापाणी तलाव असे जलाशय येथे आहेत. सुटीच्या दिवसांत मोटारींची रांग घाट चढू लागली म्हणजे या मोजक्या पाण्यात वाटेकरी किती वाढतात, हे तेथे राहणाऱ्यांना विचारावे. पाहुण्याला नळाखाली बादली भरून वाहताना दिसते. घागर घेऊन चालणारी बाई त्याला सहसा दिसत नाही.

या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक म्हणजे कोरकू. त्यांच्या भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’. ही भाषा मराठीची बहीण नाही, हिंदीचीही नाही, आणि शेजारच्या गोंडीचीही नाही. तिचे नातलग दूर पूर्वेला, झारखंडातील मुंडारी व संथाली या भाषांत सापडतात. तिच्या सभोवती सगळ्या परक्या भाषा पसरल्या, तरी डोंगराच्या आडोशाने ती टिकून राहिली. कोरकूंच्या गावात रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड केलेल्या घरांच्या सरळ रांगा असतात. मका, कोदो, कुटकी ही त्यांची धान्ये, आणि मोहाचे झाड हा त्यांचा जिवलग.

हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्याने १८२३ साली चिखलदऱ्याचा शोध लावला असे पुस्तकांत लिहिलेले आढळते. शोध हा शब्द येथे जरा गमतीचाच वाटतो. कारण कोरकू आणि गवळी तेथे आधीपासूनच नांदत होते, आणि हाकेच्या अंतरावर प्रचंड गाविलगड किल्ला चारशे वर्षे उभा होता. रॉबिन्सनने लावला तो थंड हवा खाण्याच्या जागेचा शोध, एवढेच म्हणावे.

गाविलगड पाहिल्याशिवाय मात्र परतू नये. बहमनी सुलतान अहमदशहा याने तो १४२५ साली बांधला असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीने तो वाढविला. एका दरवाजावर दुतोंडी पक्षी कोरला आहे आणि त्याच्या नख्यांत हत्ती आहेत. हे इमादशाहीचे चिन्ह होय. दक्षिणेकडून, म्हणजे मैदानातून, या किल्ल्याकडे पाहिले तर तो अजिंक्य वाटतो, कारण सरळ तुटलेल्या कड्यावर कोणती फौज चढणार? उंचीने जे अरण्याला आणि भाषेला दिले तेच संरक्षण तिने किल्ल्यालाही दिले होते. परंतु त्याची उत्तर बाजू डोंगराच्या पठाराला जवळ होती. तेथे कडा नव्हता, नुसता तट होता.

१८०३ सालच्या नोव्हेंबरात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याचा अडगाव येथे पराभव झाला आणि त्यांचे सैनिक गाविलगडावर गेले. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने ही उत्तर बाजू हेरली. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अवजड तोफा घेऊन सुमारे पन्नास किलोमीटरांचा वळसा घालून डोंगरात शिरली. वाट नव्हती, सैनिक आधी वाट तयार करीत आणि मग तिच्यावरून तोफा हातांनी ओढीत. ७ डिसेंबरला निघालेली ही तुकडी १२ तारखेस उत्तरेच्या तटासमोर पोचली. तोफांनी दोन दिवसांत तटाला खिंडार पाडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगाव येथे तह झाला. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि आपण पुलगावला सहज ओलांडली ती नदी राज्याची सीमा होऊन बसली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली त्याने वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव केला.

आज किल्ल्याच्या तटांवर गवत माजले आहे. भोवतीचा मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. सेलूच्या मुलांना वाघाच्या जंगलाचे अप्रूप वाटू नये खरे, कारण त्यांच्या जवळचे बोर अभयारण्यही २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तरी मेळघाटचा विस्तार मोठा, दऱ्या खोल, आणि गवा, अस्वल, बिबट्या यांना दडायला जागा भरपूर.

निघण्यापूर्वी पंचबोल पॉइंटवर जाऊन एकदा हाक मारावी. समोरच्या डोंगरांवर आपटून आवाज परत येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारल्यावर तीन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर समोरचा कडा किती दूर आहे? आवाज जाऊन परत आला आहे हे विसरू नका. उत्तर ५१० मीटर येईल.

आणखी एक छोटासा प्रयोग. माथ्यावर प्लास्टिकच्या बाटलीतील सारे पाणी पिऊन टाका, तिचे झाकण घट्ट लावा आणि ती पिशवीत ठेवा. घाट उतरताना कान दडे बसल्यासारखे होतील. आवंढा गिळला की मोकळे होतील. सेलूस घरी पोचल्यावर बाटली बाहेर काढा. ती कोणी मुठीत धरून दाबल्यासारखी चेपलेली दिसेल. आत चिखलदऱ्याची विरळ हवा आहे आणि बाहेर सेलूची, तिच्याहून जवळजवळ दहाव्या हिश्श्याने अधिक दाबाची. झाकण उघडताच फस्स आवाज होईल आणि बाटली पुन्हा पूर्ववत होईल.