काठी, पिंप आणि केपलर

१६१३ साली योहानेस केपलरने दुसरं लग्न केलं. त्या वर्षी ऑस्ट्रियात द्राक्षं अमाप पिकली होती, वाइन स्वस्त होती. लिंझच्या घरात त्याने काही पिंपं भरून घेतली. मग विक्रेता मोजायची काठी घेऊन आला. आडव्या पिंपाच्या मधल्या भोकातून काठी तिरकी सारायची, ती टोकाच्या झाकणाच्या खालच्या कडेला टेकली की खूण वाचायची, झाला हिशेब! पिंप बुटकं की लांबडं, याची चौकशीच नाही. ग्रहांच्या कक्षांचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या माणसाला हे कसं पटावं?

शंका रास्तच होती. सोयीसाठी पिंप सरळ नळकांडं धरू. काठी १०० सेंटिमीटर आत गेली. पिंप १८० सेंटिमीटर लांब आणि ४४ रुंद असेल, तर त्यात जेमतेम २७० लिटर मावतं. ११५ लांब आणि ८२ रुंद असेल, तर ६०५. काठीवरची खूण मात्र एकच, म्हणजे पैसेही तेवढेच.

काठी ‘क’ आणि लांबी ‘ल’ मानली, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार घनफळ ल(क² − ल²/४) या राशीच्या प्रमाणात बदलतं. तिचं विकलन क² − ३ल²/४. ते शून्य धरलं की लांबी व्यासाच्या √२ पट, म्हणजे सुमारे १.४१ पट निघते. दुसरं विकलन ऋण येतं, तेव्हा हे महत्तमच. वर्गात इथे उत्तराखाली रेघ ओढतात आणि खरी गंमत राहून जाते.

केपलरकडे विकलन नव्हतंच. त्याने आकड्यांचे तक्ते मांडले, आणि त्यांत त्याला दिसलं की महत्तमाच्या आसपास घनफळ जवळपास हलतच नाही. आपलंच पिंप घ्या: लांबी १०४ केली तर ५९६ लिटर, १२७ केली तर ५९५. लांबीत दहा टक्क्यांची चूक, वाइनमध्ये दीडच टक्क्याची! शिखरावर आलेखाचा चढ शून्य असतो, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

हे सगळं १६१५ साली त्याने पुस्तकरूपाने छापलं. महत्तम-लघुतम शोधायची फर्माची रीत त्यानंतरची. लायब्निझचा विकलनावरचा निबंध तर १६८४चा, आणि त्याच्या शीर्षकातच महत्तम-लघुतम आहेत. ऑस्ट्रियातले कारागीर पिंपं घडवत ती लांबी-व्यासाच्या या √२ प्रमाणाच्या आसपासच. त्यामुळे केपलरला विक्रेत्याची काठी मान्य करावी लागली. अर्थात, तिथल्या घाटाच्या पिंपांपुरतीच.