ही नळी कशासाठी?

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याला थोरल्या भावाचं खुब्याचं हाड मोडलं. एरंडोल, पारोळा करत एस.टी.नं माझ्या जळगावहून फेऱ्या सुरू झाल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दहाव्या दिवशी लघवीच्या तपासणीचा कागद आला. त्यावर शब्द होता 'कॅन्डिडा', म्हणजे बुरशी. लोणच्याला यावी ती माणसाच्या लघवीत! वहिनी घाबरल्या. पुतण्या औषधाच्या दुकानाकडं निघाला.

तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं. दादांना ताप नव्हता, ओटीपोटात दुखत नव्हतं. त्या सिस्टरकडं वळल्या, "ही नळी अजून कशासाठी आहे?"

उत्तर कुणापाशीच नव्हतं. शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली लघवीची नळी दोन-तीन दिवसांत निघायची, ती राहून गेली होती. दोष एकट्या दवाखान्याचा कसा म्हणू? आम्हालाही ती सोयीची होती. रात्री उठून भांडं द्यायला नको. बँकेत अशी खाती पाहिली आहेत, वापर नाही, पण बंदही कुणी करत नाही.

ही बुरशी तशी आपल्या आतड्यात, कातडीवर असतेच. जंतूंवरची जबर औषधं चालू असली, जोडीला मधुमेह असला, की तिला रान मोकळं. त्यात नळी! दुधाच्या पातेल्याला साय धरावी तसा नळीला तिचा चिकट थर बसतो आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. नळी तशीच ठेवून गोळ्या दिल्या तर लघवी थोडे दिवस स्वच्छ दिसते, मग बुरशी पुन्हा हजर! उलट नळी काढली की कित्येकांची बुरशी औषधावाचूनच जाते. (नळी आपल्या हातानं मात्र ओढू नये, आतला फुगा आधी रिकामा करावा लागतो.)

औषध लागतं ते निराळ्यांना. ताप किंवा जळजळ आहे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात, मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची आहे, अशांना. बहुधा फ्लुकोनॅझोल, दोनेक आठवडे. ते लघवीत चांगलं उतरतं. पण 'ग्लॅब्राटा' जातीची बुरशी त्याला अनेकदा दाद देत नाही. मग अ‍ॅम्फोटेरिसिनसारखं, मूत्रपिंडाला जड जाणारं औषध काढावं लागतं. म्हणून बुरशीची जात ओळखणं महत्त्वाचं. जाता जाता सांगतो, बुरशीवरचं एक औषध आपल्या पिंपरीतही सापडलं होतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलेलं 'हमायसिन'. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं, त्याचं नावच 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'!

संध्याकाळी नळी निघाली. त्या रात्री मी मुक्कामाला राहिलो. दादांनी तीनदा उठवलं. तिसऱ्या खेपेला, पहाटे चारला, मी भांडं धरून उभा होतो तेव्हा ते म्हणाले, "तू जळगावला गेलास की हे कोण करणार?"

मी दोन दिवस आणखी राहिलो.